हौशी नावाड्याची वही – १७ : इंजिनाने बोंब कधी मारावी?



मागच्या लेखांकात नांगर आणि दोरखंड झाले. ह्या वेळचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण बिचकू नका. आपल्यापैकी निम्मे लोक पोटापाण्यासाठी रोज हेच करतात, फक्त कोरड्या जमिनीवर. पूर्वी रात्री तीनला पेजर वाजायचा, आता फोन वाजतो, एवढाच काय तो फरक. डोळे चोळत उठावं, लॅपटॉप उघडावा, तर कुठल्याशा सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरलेली. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी माणूस फोन उशीखाली सरकवतो आणि कूस बदलतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो, पण तिचा खरा अर्थ ऑन-कॉलची पाळी लागल्यावर कळतो.

बोटीच्या इंजिनाचे इशारे लावणं म्हणजे हीच गोष्ट. मेनू उघडून आकडे भरायला दहा मिनिटं पुरतात. कुठला आवाज कशासाठी राखून ठेवायचा, हे ठरवायला मात्र आम्हाला अख्खा उन्हाळा लागला. आज त्याबद्दल.

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख. आमची होडी म्हणजे तीन मराठी कुटुंबांनी मिळून घेतलेली, ३२ फुटी, जुनी, शिडाची. मुक्काम सिएटल. इंजिन तीन सिलिंडरचं डिझेल. "शीड आहे ना, मग इंजिनाचं एवढं कौतुक कशाला?" असं आमची सौ. सुरुवातीला विचारायची. तर त्याचं असं आहे. इथे प्युजेट साउंडमध्ये उन्हाळ्यात ऊन छान पडतं आणि वारा गायब होतो. लेक युनियनमधून समुद्रात जायचं तर बॅलर्डच्या लॉक्समधून जावं लागतं, तिथे शीड कामाचं नाही. आणि पलीकडे बेनब्रिज बेटाकडे जाताना सिएटल-टकोमाकडे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांची ठरलेली वाट आडवी ओलांडावी लागते. त्या वाटेत मधोमध इंजिन बंद पडलं आणि वारा नसला, तर कंटेनर जहाज काही आपल्यासाठी ब्रेक लावून थांबत नाही.

होडी ताब्यात आली तेव्हा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे 'अलार्म : सर्व बंद'. आधीच्या मालकाने कंटाळून सगळेच बंद करून टाकले होते. त्याला दोष द्यायलाही जीव धजेना, कारण सगळे चालू केल्यावर पहिल्याच फेरीत कळलं की तो का कंटाळला असेल. धक्क्याजवळ पाणी उथळ म्हणून वाजतंय, शेजारून फेरी गेली म्हणून वाजतंय, टाकीतलं डिझेल लाटेने हिंदकळलं म्हणून वाजतंय, किल्ली फिरवली आणि तेलाचा दाब अजून चढला नाही म्हणून वाजतंय. आणि आवाज सगळ्यांचा एकच. कीं कीं कीं! तासाभरात मुलं त्या आवाजावर नाच करायला लागली.

आता जरा यंत्रणा बघू.

आजकालच्या बहुतेक होड्यांवर जे जाळं असतं त्याला एनएमईए २००० म्हणतात. मुळाशी आहे कॅन बस, म्हणजे बॉश कंपनीने १९८६ साली मोटारगाड्यांसाठी पुढे आणलेलं तंत्र. तुमच्या गाडीत ब्रेक आणि इंजिन ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात, तिचीच ही दर्यावर्दी बहीण. होडीच्या लांबीभर एक मुख्य केबल, तिला जागोजागी टी-कनेक्टर, त्यातून प्रत्येक उपकरणाला जास्तीत जास्त ६ मीटरची फांदी. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक. वीज बंद करून दोन सिग्नल तारांमध्ये मीटर लावला तर साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक मोकळं आहे असं समजा. इंजिनाच्या इशाऱ्यांची चर्चा करण्याआधी हे एवढं तपासा, कारण रस्ताच खचलेला असेल तर पोस्टमन कितीही इमानदार असून उपयोग नाही.

ह्या जाळ्यात कोणी साहेब नाही. प्रत्येक उपकरण आपापलं सांगत असतं आणि ज्याला हवं तो ऐकतो. प्रत्येक प्रकारच्या निरोपाला एक क्रमांक असतो, त्याला पीजीएन म्हणतात. इंजिनाचे दोन महत्त्वाचे. १२७४८८ मध्ये फेरे, म्हणजे आरपीएम, सेकंदाला दहा वेळा. १२७४८९ मध्ये तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, आल्टरनेटरचे व्होल्ट, इंजिनाचे तास वगैरे, सेकंदाला दोनदा. ह्या दुसऱ्या निरोपाच्या पोटात आणखी एक गंमत आहे. त्यात होय-नाही अशा खुणांचा संच असतो : तापमान जास्त, तेलाचा दाब कमी, शीतक कमी, समुद्राच्या पाण्याचा प्रवाह, डिझेलमध्ये पाणी, इंजिन आपणहून बंद होतंय, अशा एक ना अनेक.

मुद्दा इथेच आहे. डिस्प्लेवर दिसणारे इंजिनाचे इशारे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, आणि मेनूत ते शेजारी-शेजारी बसलेले असल्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते.

पहिला प्रकार म्हणजे इंजिनाने स्वतः मारलेली बोंब. नव्या इंजिनाला स्वतःचा संगणक असतो. मर्यादा काय, ते कारखान्याने ठरवलेलं असतं. संगणक ती खूण वर करतो आणि डिस्प्ले फक्त निरोप्याचं काम करतो. इथे तुमच्या हातात 'ऐकायचं की नाही' एवढंच असतं. माझा सल्ला : हे कधीही बंद करू नका.

दुसरा प्रकार म्हणजे डिस्प्लेने आकडा पाहून काढलेला निष्कर्ष. तापमान ९५ च्या वर गेलं तर ओरड, असं तुम्ही त्याला सांगता. मर्यादा तुमची, जबाबदारीही तुमची.

आमच्यासारख्या जुन्या इंजिनाला संगणकच नाही. जुन्या सेन्सरच्या तारा एका कन्व्हर्टरच्या डबीत जातात आणि ती डबी त्यांचं भाषांतर करून जाळ्यावर टाकते. दाबाच्या आणि तापमानाच्या अलार्म स्विचची वेगळी तार त्या डबीला जोडलेली नसेल, तर 'तेलाचा दाब कमी' ही खूण जाळ्यावर कधीच वर होणार नाही. डिस्प्लेच्या मेनूत मात्र तो इशारा 'चालू' असा हिरवागार दिसत राहील. म्हणून आकडे भरण्याआधी निदान एकदा जाळ्यावर खरोखर काय-काय येतंय ते बघा. मेनूत नाव आहे म्हणजे माहिती येतेच, असं नाही. जोड-इंजिनवाल्यांनी इन्स्टन्सचा क्रमांकही बघावा. डावं ० आणि उजवं १. दोन्ही डब्या ० वर राहिल्या तर दोन इंजिनांचे आकडे एकाच खिडकीत फुगडी घालतात.

आता मर्यादा. ह्या बाबतीत लोक हमखास दुसऱ्याच्या होडीचे आकडे मागतात. मी आमचे देतो, पण ते तुमचे नव्हेत हे शंभर वेळा बजावून. आधी आपल्या इंजिनाचं पुस्तक वाचा. मग चार-पाच फेऱ्यांत आपल्या इंजिनाचं 'नेहमीचं' काय ते लिहून काढा : थंड असताना, गरम होऊन संथ फिरताना, प्रवासाच्या वेगात, पूर्ण जोरात. आमच्याकडे प्रवासाच्या वेगात पाणी ७८ ते ८० अंश, तेल ३.८ बार, गरम झाल्यावर संथ फिरताना १.८ बार, आल्टरनेटर १४.२ व्होल्ट. घरातल्या माणसाचं 'नेहमीचं' माहीत असेल तरच आज त्याचं तोंड उतरलंय हे कळतं, तसंच हे आहे. तापमानाचा पहिला इशारा आम्ही ८८ ला ठेवला, मोठा अलार्म ९५ ला.

तेलाचा दाब जरा अवघड. इंजिन बंद असताना दाब शून्यच असणार, मग तो अलार्म रोज किल्ली फिरवताना वाजणार, आणि रोज वाजणारा अलार्म आठवड्याभरात घरचाच होतो. त्यावर उपाय म्हणजे अट घालणं : फेरे ५०० च्या वर पाच सेकंद टिकले असतील, आणि तरीही दाब १ बारच्या खाली असेल, तरच ओरड. आमच्या डिस्प्लेला अशी जोडअट समजत नाही. म्हणून ते काम आम्ही रास्पबेरी पायवर चालणाऱ्या सिग्नल के नावाच्या मुक्त स्रोत सर्व्हरला दिलं. आपल्यातल्या प्रोग्रामर मंडळींना हे खेळणं आवडेल. एक खाचखळगा सांगून ठेवतो. सिग्नल के तापमान केल्विनमध्ये मोजतं आणि दाब पास्कलमध्ये. ९५ अंश सेल्सियस म्हणजे ३६८.१५ आणि १ बार म्हणजे १,००,०००. कमाल तापमानाच्या रकान्यात नुसतं ९५ लिहिलं तर इंजिन चालू असो वा बंद, अलार्म अखंड वाजत राहील.

विलंबाचंही तसंच. डिझेलच्या टाकीचा आकडा लाटेने हलतो, त्याला मिनिटाचा विलंब दिला तरी बिघडत नाही. तापमानाला पाच-दहा सेकंद ठीक. तेलाच्या दाबाला दोन सेकंदांहून जास्त देऊ नये, कारण तेल गेल्यावर बेअरिंग तुमच्या सोयीची वाट बघत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर हा वाईट बातमी उशिरा देणारा नातेवाईक आहे. होडीच्या इंजिनात पाणी दोन असतं. आत फिरणारं गोडं शीतक, आणि त्याला थंड करायला बाहेरून ओढलेलं समुद्राचं पाणी, जे शेवटी धुरात मिसळून मागून बाहेर पडतं. समुद्राच्या पाण्याची वाट बंद झाली की आतलं शीतक तापायला काही मिनिटं जातात. एक्झॉस्टची रबरी नळी मात्र मिनिटभरात भाजायला लागते, कारण तिला थंड ठेवणारं पाणीच उरलेलं नसतं. आणि शीतक गळून गेलं असेल तर गंमत आणखी वाईट : सेन्सर कोरड्या हवेत लोंबकळत राहतो आणि कमी तापमान दाखवू शकतो. इंजिन उकळतंय, आकडा सुखात! म्हणून एक्झॉस्टच्या नळीवर पट्ट्याने बांधायचा वेगळा सेन्सर घ्या. आमची नळी एरवी ४५ अंशांच्या आसपास असते, अलार्म ६५ ला ठेवला आहे.

ह्याचा अनुभव गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आला. माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, म्हणजे डिझेलचं इंजिन हा त्यांचा माहेरचाच माणूस. वारा नव्हता, शिलशोल मरीनातून निघून आम्ही इंजिनावर पलीकडे चाललो होतो. भरती-ओहोटीच्या धारेत तुटलेल्या समुद्रगवताचे पुंजके तरंगत होते. जहाजांची वाट लागायच्या जरा अलीकडे सासऱ्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "जावईबापू, आवाज कोरडा झाला का हो?" मी मागे वाकून बघेपर्यंत एक्झॉस्टचा अलार्म सुरू झाला. मागून पाण्याची पिचकारी येत नव्हती, नुसता धूर. शीतकाचा आकडा ८०. अगदी निवांत. वेग उतरवला, होडी वाटेपासून वळवून घेतली, इंजिन बंद केलं. गाळणी उघडली तर गवताचा बोळा. पंधरा मिनिटांत साफ करून पुन्हा चालू. इम्पेलरही वाचला. सासूबाई तोवर शांतपणे सगळ्यांना दडपे पोहे वाढत होत्या, आणि मला वाटतं चांगल्या अलार्मची हीच परीक्षा आहे. तो इतका लवकर वाजावा की पोहे थांबवायची गरज पडू नये.

सासऱ्यांचा कान अलार्मच्या काही सेकंद पुढे होता, हे मी प्रांजळपणे नोंदवतो. पण सासरे सहा महिन्यांनी परत जातात.

उलट टोकाचं उदाहरण मोठ्या जहाजाचं. २३ मार्च २०१९ रोजी व्हायकिंग स्काय हे प्रवासी जहाज नॉर्वेच्या हुस्टाडविका नावाच्या, खडकाळ म्हणून बदनाम असलेल्या किनाऱ्याजवळ वादळात सापडलं. जहाजावर १,३७३ माणसं. वंगणाच्या तेलाची पातळी कमी होती. लाटांच्या हेलकाव्यात तेलपंपांना तेल मिळेना, दाब पडला, आणि सुरक्षायंत्रणेने इंजिनं बंद केली. जहाज खडकांपासून जेमतेम स्वतःच्या एका लांबीइतक्या अंतरावर जाऊन वाचलं. ४७९ प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. तेलाची पातळी कमी असल्याचे अलार्म त्या सकाळी आधीच वाजत होते. वाजले, स्वीकारले गेले, मिटले, पुन्हा वाजले. म्हणजे सेन्सर मुका नव्हता, तारही तुटली नव्हती. निरोप पोचला होता. त्याचं वजन पोचलं नव्हतं.

हे वजन पोचावं म्हणून मोठ्या जहाजांच्या ब्रिजसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१० साली इशाऱ्यांच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर आणीबाणी, धोका, इशारा आणि सूचना. आमच्या बत्तीस फुटांना तीन पुरल्या :

पहिली, सतत वाजणारी. फक्त दोन गोष्टींसाठी : तेलाचा दाब आणि एक्झॉस्ट. अर्थ : हातातलं टाक आणि इंजिन सांभाळ.

दुसरी, थांबून थांबून वाजणारी. शीतकाचं तापमान आणि आल्टरनेटरचे व्होल्ट. व्होल्ट इथे का, असं विचाराल. अनेक छोट्या डिझेलवर एकच पट्टा आल्टरनेटर आणि शीतकाचा पंप दोन्ही फिरवतो. पट्टा तुटला की आधी व्होल्ट पडतात, मग तापमान चढतं. १३ व्होल्टच्या खाली अर्धा मिनिट राहिले की आमच्याकडे वाजतं, आणि तेव्हा आम्ही बॅटरी नव्हे, पट्टा बघतो.

तिसरी, मुकी. नुसती अक्षरं. डिझेल कमी, सर्व्हिसचे तास भरले वगैरे. ह्यांना आवाजाचा हक्क नाही.

आणखी एक जागा राखून ठेवली आहे, ती शांततेसाठी. सेन्सरची तार तुटली किंवा कन्व्हर्टरची डबी बंद पडली तर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा येतात. रेघ ९५ पेक्षा मोठी नसते आणि १ पेक्षा लहानही नसते, त्यामुळे कुठलीच मर्यादा ओलांडली जात नाही आणि सगळं सामसूम. म्हणून 'इंजिन फिरतंय, पण दहा सेकंद माहिती नाही' हा वेगळा इशारा लावला, तोही दुसऱ्या पायरीवर. गावाकडून रोज येणारा फोन आज आला नाही तर आपण "सगळं छान असेल" म्हणून झोपत नाही ना? तसंच.

आता हे सगळं जाळं, डबी, पाय एका बाजूला ठेवून एक कळकळीची विनंती. इंजिनाच्या पॅनलवरचा जुना बझर, जो किल्ली फिरवल्यावर कर्कश वाजतो, तो काढू नका. त्याला जाळं लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. एक स्विच, एक तार, एक बोंब. जाळं आडवं झालं तरी तो उभा राहतो. आणि डिस्प्लेचा स्वतःचा बारीक आवाज इंजिनाच्या धडधडीत ऐकू येत नाही, म्हणून सुकाणूजवळ बाहेरचा मोठा बझर लावा.

सगळं झाल्यावर चाचणी. मर्यादा तात्पुरती आजच्या आकड्याखाली आणली की डिस्प्ले आणि बझर तपासले जातात, पण सेन्सर नाही. सेन्सरसाठी आमची पद्धत घरगुती आहे : पट्टा सोडून एक्झॉस्टचा सेन्सर चहासाठी ठेवलेल्या आधणातल्या पाण्यात धरायचा. वाजला की चहा टाकायचा (दुसऱ्या पाण्यात, हे सौ.ने लिहायला सांगितलं आहे). दर वर्षी मोसमाच्या सुरुवातीला हा विधी होतो.

आणि शेवटचं काम कागदाचं. सुकाणूजवळ एक मराठी कार्ड चिकटवलं आहे. सतत आवाज : आधी आजूबाजूला बघा, वेग उतरवा, वाटेतून बाजूला व्हा. तेलाचा दाब असेल तर इंजिन लगेच बंद. एक्झॉस्ट असेल तर मागे पाणी पडतंय का बघा, नसेल तर बंद. मग नांगर किंवा शीड. थांबून थांबून आवाज : मालकांपैकी कोणालाही हाक मारा. हे कार्ड आम्हा तिघांसाठी नाही. मी खाली गाळणीत हात घालून बसलेला असताना सुकाणू ज्याच्या हातात असेल त्याच्यासाठी आहे, मग ती भारतातून आलेली आई असो की बारा वर्षांची मुलगी. अलार्म लावताना विचार त्या माणसाचा करायचा. ज्या आवाजावर तिने काय करायचं हे तुम्हाला एका ओळीत लिहिता येत नाही, तो आवाज बंद करून टाकावा.

असो. लेखांक लांबला. ज्यांच्याकडे होडी आहे त्यांनी ह्या शनिवारी एवढंच करावं : अलार्मची यादी उघडावी आणि प्रत्येक नावापुढे 'हा वाजला तर काय करायचं' ते लिहावं. अर्धी यादी गळेल. उरलेली ऐकू येईल. ज्यांच्याकडे होडी नाही, त्यांनी सोमवारी ऑफिसात हाच प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

पुढच्या वेळी : लॉक्समध्ये दोरी कोणी धरायची, ह्यावरून तीन मराठी कुटुंबांत होणारे मतभेद.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हौशी नावाडी